इलेक्ट्रॉनची ऊर्जा अंशात मोजू नका

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत एम८७ या दूरच्या दीर्घिकेतून (ताऱ्यांच्या अवाढव्य समूहातून) निघणाऱ्या झोताला आपण जवळजवळ अर्धं पान दिलंत, त्याबद्दल आधी आभार. मराठी वर्तमानपत्रात अशा विषयाला एवढी जागा मिळालेली पाहून खरंच आनंद झाला. पण त्या लेखात एक वाक्य असं होतं की, झोतातल्या इलेक्ट्रॉनचं तापमान अब्जावधी अंश असतं, म्हणून तो चमकतो. चित्राखाली 'धगधगती ज्वाला' असंही छापलं होतं. माझी हरकत एवढ्याच दोन ओळींना आहे. तो झोत तापलाय म्हणून चमकत नाही. त्यातल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा अंशात सांगितली, की त्या झोतातली सगळ्यात नवलाची गोष्टच वाचकापर्यंत पोहोचत नाही.

मी सक्करदऱ्यात ३१ वर्षं टीव्ही दुरुस्त केले. शिक्षण आयटीआयचं. विज्ञानाची पुस्तकं वाचली ती दुकानात, संध्याकाळी गिऱ्हाईक नसताना. पण इलेक्ट्रॉनशी माझी ओळख पुस्तकातून झाली नाही. पिक्चर ट्यूबमधून तो रोज माझ्यासमोर धावायचा, आणि तो नीट धावला तरच माझ्या घरी पैसे यायचे.

शेजारची मुलगी अकरावी सायन्सला आहे. ती तो अंक घेऊन आली. "काकाजी, टीव्हीच्या ट्यूबमध्येही इलेक्ट्रॉनच पळायचे ना? मग ते किती डिग्री गरम होते?" मी तिला कागदावर हिशेब करून दाखवला. एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट म्हणजे तापमानाच्या भाषेत साधारण ११,६०० अंश. रंगीत ट्यूबला २५ हजार व्होल्ट असायचे, म्हणजे इलेक्ट्रॉनला २५ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट मिळायचे. गुणाकार २९ कोटी अंशांवर गेला. ती त्या आकड्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "मग काच काहून वितळत नव्हती?"

तिच्या प्रश्नाचं उत्तर ट्यूबच्या मानेत आहे. ट्यूबच्या मागे जी बारीक मान असते, तिच्यात हीटर असतो. टीव्ही लावला की तिथे नारिंगी-लाल रेघ दिसते. ती दिसली नाही तर ट्यूब गेली, हे आम्ही मागचं झाकण काढल्याबरोबर पाहायचो. हा हीटर कॅथोडला साधारण आठशे अंशांपर्यंत तापवतो आणि त्या उष्णतेने इलेक्ट्रॉन कॅथोडमधून सुटे होतात. त्या क्षणी त्यांच्याकडे जी ऊर्जा असते ती खरोखर उष्णतेची असते, आणि ती एका इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या दहाव्या हिश्शाएवढी असते. ट्यूबमधली उष्णतेची गोष्ट इथेच संपते. पुढचे २५ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट येतात ते ईएचटीकडून (एक्स्ट्रा हाय टेन्शन), म्हणजे लाइन ट्रान्सफॉर्मरमधून एनोड कॅपला जाणाऱ्या त्या जाड लाल वायरमधून. तिथे कोणी कोणाला तापवत नाही. प्रत्येक इलेक्ट्रॉन एकाच दिशेने, सारख्याच जोराने ओढला जातो, आणि काचेवर आदळतो तेव्हा त्याचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या ३० टक्के झालेला असतो.

तापमान हा शब्द आपण कधी वापरतो? कण सगळ्या दिशांना धावतात, एकमेकांना धक्के देतात, ऊर्जा वाटून घेतात, आणि मग सगळ्यांची मिळून एक सरासरी ठरते. चहाच्या पातेल्यात तसं होतं. ट्यूबच्या झोतात तसं होत नाही, म्हणून त्याला २९ कोटी अंश म्हणणं चूक आहे. एम८७च्या झोतातही तसं होत नाही, पण तिथलं कारण वेगळं आहे, आणि ते जास्त सुंदर आहे.

१९१८ साली अमेरिकेतल्या लिक वेधशाळेत हेबर कर्टिस यांना या दीर्घिकेच्या मध्यातून निघालेली एक सरळ, बारीक रेघ दिसली. ती काय आहे हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. दीर्घिका आपल्यापासून सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षं दूर, आणि ती रेघ काही हजार प्रकाशवर्षं लांब. तिच्या मुळाशी ६५० कोटी सूर्यांच्या वजनाचं कृष्णविवर आहे. त्याचं चित्र १० एप्रिल २०१९ला जगाने पाहिलं. ज्या दुर्बिणींनी ते घेतलं त्यांचं इंग्रजी लघुनाव ईएचटी आहे, इव्हेंट होरायझन टेलिस्कोप. त्या दिवशी बातमीत तीन अक्षरं वाचून मी थांबलो होतो. आयुष्यभर ज्या नावाने मी व्होल्टेज तपासलं, त्याच नावाने कोणीतरी निसर्गातल्या सगळ्यात मोठ्या इलेक्ट्रॉन गनच्या तोंडाचा फोटो काढला होता.

झोत का चमकतो, हे समजायलाही ट्यूबच उपयोगी पडते. रंगीत टीव्हीजवळ स्पीकरचं चुंबक नेलं की पडद्यावर जांभळे-हिरवे डाग यायचे. मुलं हे हमखास करायची आणि मग आम्हाला ते डाग घालवणारी डिगॉसिंग कॉइल घेऊन त्यांच्या घरी जावं लागायचं. चुंबक इलेक्ट्रॉनची वाट वाकवतं. वाकणारा इलेक्ट्रॉन थोडा प्रकाश टाकतो, हा निसर्गाचा नियम आहे. ट्यूबमध्ये तो इतका कमी की मोजण्याजोगाही नाही. पण इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळ गेला, की तोच नियम प्रचंड होतो. याला सिंक्रोट्रॉन प्रारण म्हणतात.

हा प्रकाश माणसाला पहिल्यांदा दिसला तो २४ एप्रिल १९४७ला, अमेरिकेत स्केनेक्टडी इथल्या जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत. यंत्र ७ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टचं होतं. शास्त्रज्ञ काँक्रीटच्या भिंतीच्या अलीकडे होते. एका तंत्रज्ञाला भिंतीच्या कडेने आरसा धरून आत पाहायला सांगितलं होतं. यंत्राची निर्वात नळी काचेची होती, झाकलेली नव्हती, आणि त्याला आरशात लख्ख प्रकाश दिसला. त्याचं नाव फ्लॉइड हेबर. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. आम्हीही पाठीमागून प्रीसेट फिरवताना पडदा दिसावा म्हणून टीव्हीसमोर आरसाच ठेवायचो. जगातला पहिला सिंक्रोट्रॉन प्रकाश एका कारागिराने आरशात पाहिला, ही गोष्ट कोणत्याही शाळेत सांगितली जात नाही. सांगायला हवी.

पुढे १९५३मध्ये श्क्लोव्हस्की या रशियन शास्त्रज्ञाने क्रॅब तेजोमेघाचा, म्हणजे एका फुटलेल्या ताऱ्याच्या अवशेषाचा, प्रकाश असाच असणार असं मांडलं. १९५६मध्ये बाडे यांनी एम८७च्या रेघेचा प्रकाश ध्रुवीकृत असल्याचं दाखवलं. तापलेल्या वायूचा प्रकाश असा एका दिशेत कंप पावत नाही. चुंबकीय क्षेत्रात वळणाऱ्या इलेक्ट्रॉनचा पावतो. तेव्हा 'ज्वाला' हा शब्द तर सत्तर वर्षांपूर्वीच बाद झालेला आहे.

आता आकडे. एम८७च्या झोतातून क्ष-किरण येतात. ज्या चंद्रा दुर्बिणीने ते टिपले, तिला आपल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखरांचं नाव दिलेलं आहे. तिथल्या चुंबकीय क्षेत्रात क्ष-किरण टाकायचे तर इलेक्ट्रॉनकडे काही लाख कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा हवी. माझ्या ट्यूबमधल्या इलेक्ट्रॉनच्या कोट्यवधी पट. पण सगळे इलेक्ट्रॉन असे नसतात, आणि तापमानाचा शब्द नेमका हेच लपवतो. झोतात कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन भरपूर, दहापट ऊर्जेचे त्यांच्या दहा-वीस पटीने कमी, शंभरपट ऊर्जेचे त्याहून तितक्याच पटीने कमी, अशी ती उतरंड लांबपर्यंत जाते. तिला सरासरी नाही असं नाही, पण त्या सरासरीला अर्थ नाही. कळमन्याच्या बाजारात हमाल आणि मोठे अडते यांच्या कमाईची सरासरी काढली तर जो आकडा येईल, तेवढी कमाई असणारा एकही माणूस बाजारात सापडणार नाही. झोताचं तसंच आहे.

ही उतरंड बनते कशी? आमच्या रंगीत सेटमध्ये ट्रिपलर असायचा. आत आलेलं व्होल्टेज टप्प्याटप्प्याने चढवून तो २५ हजारांपर्यंत न्यायचा. झोतात वायूचे वेगवेगळ्या वेगाचे लोट एकमेकांवर आदळतात आणि आघात-लहर तयार होते. इलेक्ट्रॉन त्या लहरीच्या अलीकडे-पलीकडे फेऱ्या मारतो आणि दर फेरीला त्याची ऊर्जा थोडी वाढते. फरक असा की ट्रिपलरमधून अर्ध्या वाटेवर कोणी बाहेर पडत नाही. इथे दर फेरीला काही इलेक्ट्रॉन निसटतात. जो जास्त फेऱ्या टिकतो तो जास्त ऊर्जा कमावतो, आणि असे टिकणारे थोडे असतात. उतरंडीचं हे कारण. मूळ कल्पना एन्रिको फर्मी यांची, १९४९ सालची. आघात-लहरीचं गणित १९७७-७८मध्ये चार वेगवेगळ्या गटांनी जवळजवळ एकाच वेळी मांडलं.

२०२२मध्ये याला मोठा पुरावा मिळाला. मार्केरियन ५०१ नावाच्या दीर्घिकेच्या झोताचे क्ष-किरण आयएक्सपीई उपग्रहाने पाहिले, तेव्हा त्यांचं ध्रुवीकरण दृश्य प्रकाशाच्या सुमारे दुप्पट निघालं. याचा अर्थ सर्वांत जास्त ऊर्जेचे इलेक्ट्रॉन आघात-लहरीला लागून असतात, तिथलं चुंबकीय क्षेत्र शिस्तीत असतं. तिथून दूर जाता जाता त्यांची ऊर्जा उतरते आणि ते अस्ताव्यस्त क्षेत्रात पोहोचतात. आघात-लहरीखेरीज चुंबकीय रेषा तुटून नव्याने जुळण्यानेही इलेक्ट्रॉनला वेग मिळतो. कोणत्या झोतात यातलं काय किती, यावर आजही वाद आहे. झोतात इलेक्ट्रॉनसोबत प्रोटॉन असतात की पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचे धन भाराचे जुळे), हेही सुटलेलं नाही. असे उघडे प्रश्न पुरवणीत छापले तर अकरावीच्या मुलांना किती हुरूप येईल!

आणखी एक गोष्ट तापमानाच्या शब्दाने झाकली जाते. चहा थंड होतो तो सगळा एकदम. इथे जो इलेक्ट्रॉन सर्वांत जोरात आहे तोच सर्वांत आधी रिकामा होतो: ऊर्जा दुप्पट, तर आयुष्य निम्मं. एम८७मधला क्ष-किरण टाकणारा इलेक्ट्रॉन काही दशकांत ऊर्जा गमावतो. आणि झोत हजारो प्रकाशवर्षं लांब आहे! म्हणजे मुळाशी एकदा ढकलून दिलेला इलेक्ट्रॉन टोकापर्यंत पोहोचूच शकत नाही. वाटेत जागोजागी त्याला नव्याने ऊर्जा मिळत असली पाहिजे. झोतात ज्या चमकत्या गाठी दिसतात, त्या अशा जागा आहेत. 'अब्जावधी अंश' वाचणाऱ्याला हा प्रश्न पडणारच नाही, आणि मला सगळ्यात वाईट वाटलं ते याचंच.

उलट रेडिओ लहरी टाकणाऱ्या इलेक्ट्रॉनला शंभर कोटी ते काही शे कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात. तो दुबळ्या क्षेत्रात कोट्यवधी वर्षं तग धरतो. झोत बंद पडल्यावरही मागे उरलेले असे म्हातारे इलेक्ट्रॉन ऐकण्यासाठी जगातली उत्तम दुर्बीण आपल्या महाराष्ट्रात आहे: नारायणगावजवळ खोडदला, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली. आपल्या लेखात तिचा उल्लेख नव्हता. खरं तर अशा इलेक्ट्रॉनवरच्या लेखाची सुरुवातच खोडदपासून करता आली असती.

एक गोष्ट लेखकाच्या बाजूनेही सांगतो. कृष्णविवराच्या अगदी जवळ, झोताच्या मुळाशी, जो वायू फिरतो तिथे शास्त्रज्ञ स्वतः अब्जावधी अंश म्हणतात. तिथल्या बऱ्याच इलेक्ट्रॉनची ऊर्जा खरोखर तापलेल्या वायूसारखी पसरलेली असते. कदाचित लेखकाने आकडा तिथून घेतला आणि तो सगळ्या झोताला लावला. पण तिथेही कोणाचं तापमान, हे विचारावं लागतं. वायू इतका विरळ आहे की इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन एकमेकांवर क्वचितच आदळतात, ऊर्जा वाटून घेत नाहीत, आणि एकाच जागी दोघांची तापमानं वेगळी राहतात.

वाचकाला हे फार लांबचं वाटेल, म्हणून जवळचंही सांगतो. सूर्याकडून आपल्याकडे येणाऱ्या वाऱ्यातल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा साधारण १० इलेक्ट्रॉन-व्होल्ट. अंशात म्हटलं तर लाखावर जाते, पण एका घनसेंटिमीटरमध्ये पाच-दहाच कण, त्यामुळे त्यात हात धरला तरी ऊब लागणार नाही. पंधरा लाख किलोमीटरवर बसून आपलं आदित्य-एल१ जानेवारी २०२४पासून तोच वारा मोजत आहे. ध्रुवीय प्रकाश उजळवणाऱ्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा काही हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट, जवळपास आमच्या लहान ब्लॅक अँड व्हाइट ट्यूबएवढी. तिथे फॉस्फरचं, म्हणजे पडद्यामागच्या चमकणाऱ्या लेपाचं, काम हवेतला ऑक्सिजन करतो. १० मे २०२४च्या रात्री मोठ्या सौरवादळात लडाखच्या हानलेहून आकाश लाल झालेलं टिपलं गेलं, ते याच इलेक्ट्रॉनच्या घराण्याचं काम.

पृथ्वीभोवतीच्या व्हॅन ॲलन पट्ट्यातले इलेक्ट्रॉन मात्र दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट आणि त्याहून पुढे जातात. त्यांच्याशी माझा धंद्याचा संबंध आला. ट्यूबचे दिवस संपत आल्यावर मी डिशच्या छत्र्या बसवायला लागलो. ज्या उपग्रहांकडे ती छत्री रोखायची, ते ३६ हजार किलोमीटरवर, बाहेरच्या पट्ट्याच्या कडेला असतात. इतक्या ऊर्जेचे इलेक्ट्रॉन उपग्रहाच्या पत्र्यातून आत शिरतात आणि वायरच्या आवरणात, सर्किट बोर्डात साठतात. साठा वाढला की ठिणगी पडते. जानेवारी १९९४मध्ये कॅनडाच्या अनिक ई-१ आणि ई-२ या दोन उपग्रहांची दिशा सांभाळणारी यंत्रणा अशीच बिघडली. एक काही तासांत सावरला, दुसऱ्याला महिने लागले. साठलेला भार काय करतो हे मला कोणी सांगायची गरज नाही. बंद करून ठेवलेल्या ट्यूबची काचही भार धरून ठेवते. अर्थिंगची वायर जोडलेला स्क्रूड्रायव्हर एनोड कॅपखाली सारल्याशिवाय हात लावायचा नाही, हे मी पहिल्याच वर्षी एका झटक्यात शिकलो; उजवा हात खांद्यापर्यंत दोन दिवस बधिर होता. उपग्रहाला असा स्क्रूड्रायव्हर लावायला कोणी जाऊ शकत नाही. म्हणून तिथल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा किती आणि त्या ऊर्जेचे किती, हे नीट मोजावं लागतं. त्या पत्र्यातून कोणता इलेक्ट्रॉन आत शिरेल, हे 'इतके अंश' या आकड्यावरून कोणत्याही इंजिनिअरला सांगता येणार नाही.

माझी विनंती एवढीच आहे. पुढच्या वेळी असा लेख आला तर ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये छापावी. शब्द अवघड वाटेल म्हणून टाळू नये. पेन्सिल सेल माहीत असलेल्या कोणालाही तो समजतो: दीड व्होल्टचा सेल एका इलेक्ट्रॉनला जेवढी ऊर्जा देतो ती दीड इलेक्ट्रॉन-व्होल्ट. तिथून सूर्याचा वारा, तिथून टीव्हीची ट्यूब, तिथून उपग्रहांभोवतीचे पट्टे, तिथून एम८७. एका चौकटीत मावेल एवढंच आहे. आणि चित्राखालची 'ज्वाला' पुढच्या रविवारी दुरुस्त करावी, कारण शेजारच्या मुलीने ती ओळ वहीत उतरवून घेतली होती, आणि तशी बऱ्याच मुलांनी उतरवली असेल.

दुकान आता मुलगा मोबाइलचं चालवतो, पण मागच्या खोलीत १४ इंची ब्लॅक अँड व्हाइटचा एक सेट मी चालू स्थितीत ठेवला आहे. मागचं झाकण काढलेलं आहे आणि हीटर अजून लाल होतो. आपल्या लेखकांनी एखाद्या संध्याकाळी यावं. मी झोत वर-खाली फिरवणाऱ्या व्हर्टिकल कॉइलची वायर काढून पडद्यावर एकच आडवी रेघ आणून देईन, चुंबक त्यांच्या हातात देईन, आणि ती रेघ त्यांनी स्वतः वाकवून पाहावी.

आपला,
एक जुना टीव्ही मेकॅनिक
सक्करदरा, नागपूर